हिरव्या गवताचे कडे

त्या राज्यात दुखणी घरोघरी होती आणि त्यांतल्या पुष्कळ दुखण्यांवरचा उतारा एकाच टेकडीवर, काटेरी कुंपणाच्या आत होता. त्याला विसाव्याचे झुडूप म्हणत.

पूर्वी हे झुडूप कुठेही उगवत असे. बांधावर, ओढ्याकाठी, उकिरड्यावरसुद्धा. मग कधीतरी राजाच्या बैलांनी त्याचा पाला पोटभर खाल्ला आणि नगारे वाजले तरी ते उठले नाहीत. राजाची लढाई हुकली. त्या राजाचे नाव पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही, त्याचा हुकूम मात्र राहिला. रानोमाळची झुडपे मुळासकट उपटली गेली आणि खऱ्या आजाऱ्यांसाठी म्हणून टेकडीवर तेवढी एक जाळी राखली. मोहाच्या फुलांवर बंदी नव्हती. ती खाऊन अस्वले दर हंगामात कोणाची ना कोणाची कुंपणे मोडत, एकमेकांची डोकी फोडत. पण तो सणाचा भाग समजला जाई.

या राज्यात नदीच्या अलीकडे साळू नावाची साळिंदर नवऱ्यासह राहत असे. नवऱ्याचे नाव हैबती. साळू सामाईक कोठारासाठी कंद उकरण्याचे काम करी. कामाला वाघ होती, बोलायला कमी. एका उन्हाळ्यात तिच्या पाठीवरचे काही काटे उलटे वाढू लागले. बाहेर येण्याऐवजी ते आत शिरत. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नसे, आणि हेच त्या आजारातले सगळ्यात वाईट होते. शेजारणी म्हणत, तुझे काटे तर किती दाट आहेत, आमच्यापेक्षा चांगले आहेत. साळूला आडवे होता येईना. ती बिळाच्या तोंडाशी दगडाला डोके टेकवून उभ्यानेच डुलक्या घेई. झोपेत आपला धक्का लागेल म्हणून हैबती बिळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन निजू लागला.

कचेरीने मान्य केलेली औषधे तिने सगळी घेतली. लाल मातीचा लेप घेतला. तो वाळला की काटे आणखी आत ओढले जात. मग कडू साल आली. सालीने कळ थोडी मागे सरे, पण तिच्याबरोबर साळूसुद्धा मागे सरे. कंद उकरता उकरता आपण काय उकरतोय ते ती विसरे. एकदा संध्याकाळी हैबती बिळात शिरला तर तिने त्याला ओळखले नाही. सगळे काटे उभारून ती त्याच्यावर धावून गेली. त्याच्या नाकावर ओरखडा आला. शुद्धीवर आल्यावर साळूने ती साल ओढ्यात टाकून दिली.

ओढ्यावरच तिची तुळोजीशी गाठ पडली. तुळोजी हा म्हातारा लांडगा. त्याचे मागचे पाय अवचित आखडत आणि मग तो जिथे असेल तिथे पडून राही. त्याच्या पुढच्या पायात गवताचे एक हिरवे कडे होते. ते पाहून साळू दोन पावले मागे सरली, कारण ते कडे कोणाच्या पायात असते हे सगळ्यांना माहीत होते.

"घाबरू नका," तुळोजी म्हणाला. "याची लागण होत नाही."

"तो विसाव्याचा पाला खाल्ला की शुद्ध जाते म्हणतात."

"जात असेल कोणाची. माझ्या मांड्या सैल होतात, एवढंच. आणि मग मी झोपतो." त्याने तिच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही शेवटच्या कधी झोपलात, साळूबाई?"

साळूला ते आठवेना. त्याच्यासमोर रडू येऊ नये म्हणून ती पाणी पीत राहिली.

ही कडी देणारी कचेरी नदीच्या वळणावर, सपाट खडकांवर होती. साळिंदरे उन्हात बाहेर पडत नाहीत, पण कचेरी उन्हातच उघडत असे, त्यामुळे साळू आणि हैबती डोळे किलकिले करून तिथे गेले. कचेरीचा सगळा कारभार खेकड्यांकडे होता. खेकडे कामसू होते. सकाळपासून त्यांची धावपळ चाले आणि त्यांतला कोणीही आळशी आहे असे म्हणता आले नसते. फक्त त्यांना सरळ चालता येत नसे. एका खडकावर दिलेली विनंती शेजारच्या खडकावर जाई, तिथून त्याच्या शेजारी, आणि पुष्कळ फिरून झाल्यावर ती विनंती करणाऱ्याच्याच पायाशी परत येई.

त्यांच्यातला वडील खेकडा दफ्तरदार होता. तो म्हणाला, "मान्य औषधं हरली, असं औषध देणाऱ्याने येऊन सांगायला हवं."

साल देणारी खार आली. ती म्हणाली, माझी साल कधी हरत नाही, बाईंनीच अर्ध्यावर सोडली.

"मग पूर्ण करून या," दफ्तरदार म्हणाला.

साळूने साल पुन्हा सुरू केली आणि पूर्ण केली. तेवढे दिवस हैबती बिळाबाहेर राहिला. परत गेल्यावर दफ्तरदाराने तिला सरकारी वैद्याकडे पाठवले. वैद्य निळोपंत हे सारस पक्षी. ते एका पायावर उभे राहून तपासत आणि रोग्याच्या डोक्यावरून दूर कुठेतरी पाहत. पक्षी दयाळू होता, फक्त त्याला फार उंचावरून खाली पाहावे लागे. त्यांच्यासमोर एक गार शिळा होती.

"हिच्यावर पाठ टेकून निजा," निळोपंत म्हणाले.

"पाठ टेकवतच नाही, वैद्यबुवा. तेवढ्यासाठीच तर आले."

"ते पाहायलाच सांगतोय."

साळूने पाठ टेकवली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून रांगेतली पोरे आयांच्या पोटाखाली शिरली. निळोपंतांनी मान हलवली आणि म्हणाले, "खरं दिसतंय." मग दफ्तरदाराने नांगीत धरून ओल्या गवताची एक पात आणली आणि साळूच्या पायात त्याचे कडे वळून घातले.

"हे हिरवं आहे तोवर तुम्हाला मुभा आहे," तो म्हणाला. "पिवळं पडलं की इथे परत यायचं. पाला कुंपणापाशीच खायचा, घरी न्यायचा नाही. कडं काढायचं नाही, झाकायचंही नाही."

टेकडी लांब होती. कुंपणाच्या दाराशी एक बोकड शिपाई होता. त्याने कडे हुंगले, तिचा पाय उजेडात वळवून पाहिला, आणि कुंपणातून चार पाने तोडून तिच्यापुढे टाकली. ती चघळून संपेपर्यंत तो तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. साळूला उगाचच चोरी केल्यासारखे वाटले.

ती घरी आली तेव्हा दिवस मावळत होता. तिची शुद्ध गेली नव्हती. हैबती कुठे उभा आहे, बिळात काय शिजायचे आहे, कोठाराचे कोणते काम उद्यावर पडले आहे, सगळे तिला नीट कळत होते. फक्त पाठीतली मूठ कोणीतरी उघडली होती. ती हैबतीच्या शेजारी जाऊन आडवी झाली.

"अहो," ती म्हणाली, "जरा सरका ना. मला जागा द्या."

हैबती सरकला. ती लगेच झोपली. तो मात्र जागाच राहिला. तिचा श्वास ऐकत त्याने अंग चोरून घेतले होते, आणि पाय बधिर झाला तरी हलवला नाही.

यापुढे साळूचे काम बदलले. पूर्वी ती कळ सांभाळत असे, आता ती कडे सांभाळू लागली. गवताची पात उन्हात भराभरा सुके. टेकडीची वाट उघड्या माळावरून जात होती, आणि पाल्याचा गुण ओसरला की तेवढी वाट पुन्हा तुडवणे भाग होते. म्हणून ती लांबच्या वळणाने, ओढ्याच्या कडेने जाऊ लागली. हैबती बरोबर असे. ओढा संपला की तो तोंडात पाणी भरून घेई आणि वाटेत थोडे थोडे तिच्या पायावर सोडी. तोंडात पाणी असल्यामुळे त्याला बोलता येत नसे, त्यामुळे त्या दोघांचा तो प्रवास मुक्यानेच होई. एकदा ते दाराशी पोहोचले तेव्हा बोकडाने कडे बराच वेळ पाहिले.

"हे हिरवं नाही," तो म्हणाला.

"सकाळी होतं," साळू म्हणाली. "अजूनही आहे. ही कड बघा."

"कड हिरवी आहे. मधे पोपटी आहे. पोपटी म्हणजे पिवळ्याकडे झुकलेलं."

"म्हणजे अजून झुकलेलंच आहे, पडलेलं नाही."

बोकड विचारात पडला. तो वाईट नव्हता, पण मागे एकदा पोपटी कडे चालवून घेतल्याबद्दल शिक्षा म्हणून त्याची शिंगे घासली गेली होती. त्याने साळूला परत पाठवले. घरी जाताना हैबतीने तोंडातले उरलेले पाणी जमिनीवर थुंकून टाकले आणि वाटभर तो एक शब्द बोलला नाही. आता त्याच्या तोंडात पाणी नव्हते.

झाकायचे नाही असे बजावल्यामुळे कडे सगळ्यांना दिसे. कोठाराच्या मुकादम रानडुकराने साळूला बोलावून घेतले. तिचे काम पूर्वीपेक्षा चांगले होते हे त्याने मान्य केले. साल खात होती त्या दिवसांत तिने कंदांऐवजी दगड आणून टाकले होते, आणि तेव्हा तो तिला एक शब्द बोलला नव्हता.

"साल मान्य आहे," तो म्हणाला. "कडेवाल्यांना कोठारात घेता येत नाही. माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी."

"मी शुद्धीत नाही असं तुम्हाला वाटतं का?"

"तसं वाटत नाही हो. पण नियमाला काय वाटतं ते बघावं लागतं."

साळू घरी बसली. शेजारच्या साळिंदरी आपल्या पोरांना तिच्या बिळाकडे जाऊ देईनात. हैबती दुप्पट खपू लागला आणि त्यातूनही तिच्याबरोबर टेकडीवर जायला वेळ काढू लागला.

रात्रभर पाय ओढ्यात बुडवून ठेवला की कडे पुन्हा थोडे हिरवे होई; शेवटी ते पिवळेच पडले तेव्हा ती दोघे कचेरीत गेली. आदल्याच दिवशी साळूने पाला खाल्ला होता, म्हणून ती ताठ चालत होती. निळोपंतांनी तिला शिळेवर निजायला सांगितले. ती निजली. शिळा गार होती, सकाळपासून उन्हात उभे राहून ती दमली होती. तिचा तिथेच डोळा लागला.

"बाई बऱ्या झाल्या," निळोपंत आनंदाने म्हणाले. "आता पाल्याची गरज नाही."

साळूने डोळे उघडेपर्यंत दफ्तरदाराने तिच्या पायातले कडे तोडून नदीत टाकले होते.

मग उलटे काटे परत आले, या वेळी मानेपर्यंत. पाला बंद होता. ती कण्हत, अडखळत, हैबतीच्या आधाराने कचेरीत गेली आणि शिळेला नुसते पाहूनच ओरडली.

निळोपंतांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अरेरे. पाल्याचा काहीच गुण आला नाही की. जो पाला लागू पडत नाही तो कशाला द्यायचा?"

"पाला बंद आहे म्हणून दुखतंय," हैबती म्हणाला.

"आणि चालू होता तेव्हा दुखत नव्हतं. दोन्ही माझ्या पाहण्यातलं आहे. मी दोन्ही वेळा खरं तेच लिहून घेतलं."

"मग मी यावं तरी कसं, वैद्यबुवा?" साळूने विचारले. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"जशा आहात तशा या," निळोपंत म्हणाले.

परतताना ती दोघे ओढ्यावर थांबली. तुळोजी नेहमीच्या जागी नव्हता. त्याचे कडेही पिवळे पडले होते आणि तो नव्याच्या रांगेत होता, एवढे त्यांना माहीत होते. पुढच्या खेपेला त्यांनी कचेरीत त्याचे नाव पुकारलेले ऐकले. दफ्तरदार नांगीत हिरवीगार पात धरून उभा होता. रांगेतल्या एका सशाने सांगितले की तुळोजी गेल्या पावसातच, इथे रांगेतच गेला. पाय आखडले, ते मग सुटलेच नाहीत.

"तसं त्यांनी कळवायला हवं होतं," दफ्तरदार म्हणाला.

"मेलेला कसा कळवेल?" साळू म्हणाली.

"तेच तर. स्वतः येऊन सांगितल्याशिवाय नाव कमी करता येत नाही." आणि त्याने पुन्हा पुकारा केला. पुढे रोज तो तुळोजीच्या नावाने पुकारा करी, थोडा वेळ वाट पाही, पात सुकू नये म्हणून पाण्यात बुडवून ठेवी. रांग तेवढा वेळ थांबून राही. पाण्यातले ते गवत इतके दिवस हिरवे राहिलेले पाहून साळूला जे वाटले ते तिने हैबतीलाही सांगितले नाही.

शेवटी हैबतीनेच तोड काढली. वैद्याला फार दुखलेले चालत नाही आणि अजिबात न दुखलेलेही चालत नाही. तेव्हा मधले दुखायला हवे. बिळात बसून त्याने बायकोला मधले कण्हणे शिकवले.

"हे फार झालं," तो म्हणे. "हे ऐकून ते म्हणतील लागू पडत नाही."

"मला खरंच तेवढं दुखतंय."

"दुखू दे. बाहेर निम्मं काढ."

साळू निम्मे कण्हून दाखवी. जन्मभर तिने कळ कोणाला दिसू दिली नव्हती. आता तीच कळ मापून, राखून, बेताने दाखवायची होती. एकदा तिला मध्येच हसू फुटले. हसताना पाठीत कळ आली, आणि ती कळ नेमकी हवी तेवढीच होती. हैबती म्हणाला, "हेच. हेच लक्षात ठेव."

हा सराव चालला होता त्या पावसाळ्यात कचेरीच्या आवारात एक वेगळीच गोष्ट घडली. विसाव्याच्या झुडपाचे बी बारीक आणि चिकट असते. पाला खायला जाणाऱ्यांच्या केसांत, पिसांत, काट्यांत ते अडकून येई आणि रांगेत उभे राहून राहून ते अंगावरून गळे. इतक्या आजाऱ्यांचे पाय त्या मातीत इतके दिवस रुजले होते की ती माती मऊ झाली होती. पाऊस पडला आणि खडकांच्या फटींतून कोंब वर आले. खेकड्यांनी ते नांगीने कापले. कापले तिथे दोन दोन फुटले. श्रावण सरेपर्यंत आवारभर कमरेइतकी जाळी माजली. दफ्तरदाराच्या खडकालाही तिने वेढा घातला आणि निळोपंतांना आता खाली पाहिले की रोगी न दिसता पालाच दिसू लागला.

आवारातले झुडूप हे टेकडीवरचेच झुडूप मानायचे की नाही, याचा विचार खेकड्यांच्या सभेत सुरू झाला. निकाल लागेपर्यंत त्याला कोणी स्पर्श करू नये, जो करील त्याचे कडे कायमचे जाईल, असे पुकारून झाले. चार बोकड पहाऱ्याला आणले गेले. आजाऱ्यांची रांग होती तिथेच, त्या जाळीच्या मधोमध, उभी राहिली. वाऱ्याने पाने हलत आणि आखडलेले पाय, सुजलेले सांधे, थरथरणाऱ्या माना एका बाजूला कलत. वारा पडला की सगळे पुन्हा सरळ होत.

साळूची पाळी आली. ती शिळेवर निजली आणि शिकवले तेवढेच कण्हली. निळोपंतांनी पानांतून मान वर काढून ऐकले.

"गुण आहे," ते म्हणाले, "पण गरजही आहे." त्यांना फार बरे वाटलेले दिसले.

दफ्तरदाराने तिच्या पायात नवे कडे वळले. गवत ताजे होते, त्यातून पाणी ठिबकत होते. हैबती आवाराबाहेर तोंडात पाणी घेऊन तयार उभा होता. टेकडी लांब होती आणि ऊन चढत होते.

साळूने समोर पाहिले. आवाराच्या तोंडापर्यंत दोन्ही अंगांनी विसाव्याची जाळी वाटेवर झुकली होती. चारही बोकड तिच्या पाठीकडे टक लावून पाहत होते. एकाही पानाला काटा लागू नये म्हणून तिने आपले सगळे काटे अंगाशी घट्ट आवळून घेतले. आतल्या दिशेने वाढलेले होते तेसुद्धा. ते आणखी आत गेले. तोंडातून आवाज निघू न देता, एकेक पाय उचलून जपून टाकत, ती पाल्याच्या मधून टेकडीच्या वाटेला लागली.